शिशूंचा पूरक आहार : नाचणीची लापशी व फळे यांचे पोषणमूल्य

गोषवारा :
सहा महिने पूर्ण झाल्यानंतर मातेच्या दुधाला पूरक अन्नाची जोड देणे आवश्यक असते. महाराष्ट्रात परंपरेने दिली जाणारी नाचणीची लापशी व फळे यांचा पोषणशास्त्राच्या आधारे परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. या पदार्थांची उपयुक्तता त्यांच्या निवडीइतकीच ते तयार करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, हे येथे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : पूरक आहार, नाचणी, मोड आणणे, ऊर्जाघनता, लोह.

प्रस्तावना :
उष्टावण हा महाराष्ट्रीय कुटुंबातील जिव्हाळ्याचा संस्कार आहे. खिरीचा पहिला घास समारंभपूर्वक भरविला जातो; तथापि दुसऱ्या दिवसापासून बाळाला काय, किती व कसे द्यावे याविषयी तितका विचार होताना दिसत नाही. जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. त्यापूर्वी ‘चार ते सहा महिने’ असा कालावधी सांगितला जात असे. सहा महिन्यांनंतर पूरक आहार सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवणे, ही आजची मान्य पद्धत आहे.

प्रत्यक्ष स्थिती मात्र चिंताजनक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतातील ६ ते ८ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ४५.९ टक्के बालकांना स्तनपानासोबत घन वा अर्धघन आहार मिळत होता. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११.३ टक्के होते. ६ ते ५९ महिने वयोगटात रक्तक्षयाचे प्रमाण ६७.१ टक्के आढळले. आधीच्या सर्वेक्षणात (२०१५-१६) ते ५८.६ टक्के होते.

ऊर्जाघनतेचा प्रश्न :
सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळाला पूरक अन्नातून दररोज सुमारे २०० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. बाळाचे जठर लहान असल्याने एका वेळी मर्यादितच अन्न त्यात मावते. येथेच पेज व डाळीचे पाणी यांची मर्यादा उघड होते. १५० ग्रॅमच्या वाटीभर पातळ पेजेत ७ ग्रॅम तांदळाचे पीठ असेल, तर तिच्यातून जेमतेम २५ किलोकॅलरी मिळतात. या हिशेबाने दिवसाला आठ वाट्या भरवाव्या लागतील. पोट भरते, परंतु पोषण होत नाही.

याउलट त्याच वाटीत २० ग्रॅम नाचणीचे पीठ, ५ ग्रॅम मूगडाळीचे पीठ व चमचाभर (५ ग्रॅम) तूप असल्यास सुमारे १२५ किलोकॅलरी मिळतात आणि अशा दोन वाट्या दिवसाला पुरेशा ठरतात. अडचण अशी की, एवढे पीठ शिजविल्यावर लापशी गोळ्यासारखी घट्ट होते व बाळ ती गिळू शकत नाही. मग माता पाणी वाढविते आणि लापशी पुन्हा निःसत्त्व होते.

मोड आणण्यामागील शास्त्र :
या पेचावरील उत्तर आपल्या परंपरेतच आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टमय पदार्थांच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे तेवढेच पीठ वापरूनही लापशी सैल राहते. मोड आलेल्या धान्याच्या अल्प पिठाने घट्ट लापशी पातळ करण्याच्या तंत्रावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात महत्त्वाचे काम झाले. मोड आणण्याने लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेटही कमी होते. मात्र धान्य नीट वाळवून मंद आचेवर भाजावे. ओलसर राहिल्यास बुरशी येते व फार भाजल्यास विकर नष्ट होते.

‘सत्त्व’ या शब्दाविषयी :
अनेक घरांत भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून ‘सत्त्व’ तयार केले जाते. ते पचायला हलके असते हे खरे. परंतु तो मुख्यत्वे पिष्टमय भाग होय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आतच असते. या कॅल्शियमचा मोठा वाटा नाचणीच्या सालीत असतो. म्हणजे ज्यासाठी नाचणीची निवड केली, तेच चोथ्याबरोबर टाकले जाते. म्हणून मोड आणून, वाळवून, दळून बारीक चाळणीने चाळलेले पीठ वापरणे अधिक हितावह ठरते.

फळांचे स्थान :
केळे, चिकू, पपई, आंबा ही पिकलेली फळे कुस्करून देता येतात. सफरचंद वाफवून मऊ करावे. फळांचे खरे महत्त्व लोहाशी जोडलेले आहे. बाळाचा जन्मजात लोहसाठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि वनस्पतिजन्य लोह सहजी शोषले जात नाही. जीवनसत्त्व ‘क’ त्यास साहाय्य करते. म्हणून बिया काढलेल्या पेरूचा किंवा पपईचा गर लापशीत घालावा. मात्र उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने तो लापशी कोमट झाल्यावरच मिसळावा. रसापेक्षा गर श्रेयस्कर. वर्षभर मीठ व साखर टाळावी; मध तर एक वर्षापूर्वी मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका संभवतो.

तथापि लापशी व फळे एवढ्यावरच लोहाची गरज भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत भाज्या व फळांबरोबरच अंडी, मासे वा मांस दररोज देण्यावर भर आहे. शाकाहारी कुटुंबांनी डाळी व पालेभाज्यांकडे विशेष लक्ष द्यावे आणि लोहाच्या औषधाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा.

समारोप :
२०१७च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांच्या रजेची तरतूद करण्यात आली. नोकरदार मातेची रजा संपण्याचा व बाळाचा पूरक आहार सुरू होण्याचा काळ जवळजवळ एकच असतो. परिणामी बाळाची वाटी आजी, सांभाळणारी बाई किंवा पाळणाघर यांच्या हाती जाते. त्यामुळे हे ज्ञान केवळ मातेपुरते मर्यादित राहून चालणार नाही. ‘बाळाने किती वाट्या खाल्ल्या’ या प्रश्नाऐवजी ‘वाटीत काय होते’ हा प्रश्न घरातील प्रत्येकाने विचारावा, हेच या विवेचनाचे सार होय.