पाटील कुठल्या रकान्यात?

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून भोवतालच्या पाट्या वाचल्या, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या समाजाची वर्गवारीच समोर येते. दिगंबर जैन बोर्डिंग, वीरशैव लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी, अशी वसतिगृहं राजर्षी शाहूंच्या आश्रयाने शहरात एकामागून एक उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराने ट्रंक कुठे टेकवायची, हे पाटी सांगायची. आडनावावरून ते कळेलच असं नव्हतं. पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांतही आहेत. रयत शिक्षण संस्था उभारणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन, आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले.

शिरोळ तालुक्यातल्या अशाच एखाद्या पाटलांच्या दारात जनगणनेचा प्रगणक उभा आहे असं समजू. धर्म जैन. जात चतुर्थ, पण शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू-जैन’. आजी कानडीत बोलते, नातवंडं मराठीत उत्तर देतात. धाकटी सून मराठा घरातली. यातलं काहीच खोटं नाही. पण धर्माच्या आणि जातीच्या प्रश्नाला जनगणनेला प्रत्येकी एकच उत्तर हवं असतं.

हा हट्ट निव्वळ कारकुनी नाही. कुठल्याही मोजणीच्या वर्गीकरणाला दोन अटी पाळाव्या लागतात. प्रत्येक माणूस कुठल्या तरी गटात बसला पाहिजे आणि तो दोन गटांत पडता कामा नये. तसं झालं तरच सगळ्या गटांची बेरीज लोकसंख्येइतकी येते आणि टक्केवारी शंभरावर थांबते. झाडं, खडक, जनावरं यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमतं. माणसाच्या ओळखीला ही दुसरी अट मान्य नसते, आणि जगभरच्या जनगणना दीडशे वर्षं याच जागी अडखळत आल्या आहेत.

कोल्हापूरने या अडखळण्याचा कळस पाहिला आहे. शाहूंच्या पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी राजपुरोहिताने वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले आणि वेदोक्त प्रकरण पेटलं, ते १८९९ च्या सुमारास. छत्रपती क्षत्रिय की शूद्र, हा वाद शहरभर चालू असतानाच १ मार्च १९०१ ची खानेसुमारी झाली. कोल्हापूर संस्थानात ९,१०,०११ माणसं मोजली गेली, शहरात ५४,३७३. त्या वेळचे जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा घाट घातला होता. मग देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा. मोजणाऱ्याने रकाना आखला आणि माणसं त्या रकान्यासाठी भांडू लागली. इथे मोजपट्टीच मोजल्या जाणाऱ्या वस्तूला बदलत होती.

रिस्लेंना जातीच्या मुळाशी वंश दिसत होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून त्यांनी हिंदुस्थानी माणसांचे वांशिक नमुने ठरवले आणि मराठी मुलखातल्या ब्राह्मणांना व कुणब्यांना ‘सिथो-द्रविड’ या एकाच खणात टाकलं. गंमत म्हणजे सिथियन आणि द्रविड अशी जोडओळख देताना त्यांना काही अडचण वाटली नाही. मिश्र वंश अख्ख्या समूहाला चालतो, एकट्या माणसाला मात्र एकच रकाना!

या नाकमापीला शास्त्रानेच उत्तर दिलं, आणि त्यात एक मराठी बाई होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हे फिशर नामिबियातल्या रेहोबोथ इथल्या मिश्रवंशीय लोकांवर १९१३ मध्ये पुस्तक लिहून नावाजलेले होते आणि पुढे नाझी वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाले. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असा गुरूंचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापं घेतली. तो ग्रंथ १९५१ मध्ये निघाला. एका नावाखाली येणाऱ्या जाती म्हणजे प्रत्यक्षात वेगवेगळ्या अंतर्विवाही गटांचे पुंजके आहेत, हा त्यांचा सिद्धान्त. सगळे ब्राह्मण एका कुळातून फुटले नाहीत आणि सगळे कुणबीही नाहीत. जनुकशास्त्राने पुढे आणखी खोलवरचं सांगितलं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे शास्त्रज्ञ आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या २००९ आणि २०१३ च्या अभ्यासांनुसार आजच्या बहुतेक भारतीय समूहांत दोन प्राचीन समूहांचं रक्त कमीअधिक प्रमाणात मिसळलेलं आहे. ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि नंतर लग्नं जातीच्या कुंपणात बंद झाली. म्हणजे बहुवंशीय कोण, हा प्रश्न भारतात विचारायचा तर उत्तर ‘जवळपास सगळेच’ असं येईल.

स्वतंत्र भारताच्या जनगणनेने वंशाचा रकाना ठेवला नाही हे बरंच झालं. पण राज्यघटनेत मिश्र वंशाचा एक समाज नावानिशी आहे. कलम ३६६(२) नुसार ज्याच्या पितृकुळात कोणी पुरुष युरोपीय वंशाचा आहे, तो अँग्लो-इंडियन. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की २०११ च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन आहेत २९६. हा आकडा ऐकून त्या समाजाला धक्काच बसला. तरी त्यांच्या लोकसभा-विधानसभेतल्या नियुक्त जागा १०४ व्या घटनादुरुस्तीने गेल्याच. ज्याची नीट चौकशीच केली नाही त्याचा आकडा लहान येणार, यात नवल ते काय?

जातीचं गणित याहून अवघड. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. १९४१ मध्ये युद्धामुळे जातींची कोष्टकं झालीच नाहीत आणि १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. मग २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातगणना झाली. तिच्यात जातीचं नाव मोकळ्या जागेत लिहून घेतलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, ते मुळातून वाचण्यासारखं आहे. देशात जातीची नावं निघाली ४६ लाखांवर. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७, आणि अधिकृत याद्यांत आहेत ४९४. यातल्या ९९ टक्के नावांखाली शंभरहून कमी माणसं. जात, पोटजात, कूळ, गोत्र, सारं एकाच जागेत येऊन पडलेलं, वर स्पेलिंगचे घोळ. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. इथे ‘पवार’ आणि ‘पोवार’ शेजारी-शेजारी राहतात. आकडे निरुपयोगी ठरले ते लोक खोटं बोलले म्हणून नव्हे. आलेली उत्तरं कुठल्या संकेतांकात बसवायची, हे आधी ठरवलं नव्हतं म्हणून.

नेहमीच्या जनगणनेने भाषेच्या बाबतीत मात्र शहाणपण दाखवलं आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी भाषा बोलायची ती, अशी स्वच्छ व्याख्या. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहायची सोय. म्हणजे एका माणसाला तीन जागा. गडहिंग्लजच्या कानडी घरातली मुलगी कोल्हापुरात मराठी घरात नांदायला आली तरी तिची मातृभाषा कानडीच राहते, आणि मराठी दुसऱ्या जागेत जाते. दोन्ही गोष्टी आकडेवारीत टिकतात. २०११ मध्ये मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. भाषातज्ज्ञांनी ती तपासून १,३६९ मातृभाषा आणि १२१ भाषा अशी रचना केली. ‘अवर्गीकृत’ किती राहिल्या, हेही छापलं. देशात २६ टक्के लोक किमान द्विभाषिक, हे त्यातूनच कळलं. या यंत्रणेत राजकारण नाही असं मुळीच नाही. हिंदीच्या ५२ कोटींत भोजपुरी आणि राजस्थानीही धरलेल्या आहेत, आणि चंदगडची मराठी-कोकणी वळणाची बोली मोठ्या भाषेच्या पोटात दिसेनाशी होते. बेळगाव-निपाणीच्या वादात महाराष्ट्राने १९५१ च्या भाषिक आकड्यांवरच ‘खेडं हा घटक’ धरून दावा मांडला. तरी भाषेला तीन जागा आहेत आणि जातीला, धर्माला एकच, हा फरक उरतोच.

अनेक उत्तरं घेतली तर काय होतं? अमेरिकेकडे पाहू. १९२० ते १९४० च्या तिथल्या जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता. १९७० मध्ये भारतीय मंडळी गोऱ्यांत मोजली गेली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचं रक्त तेच, खण तीन. २००० पासून तिथे एकाहून जास्त चौकटींवर खूण करता येते. सहा मूळ गट असले की त्यांच्या ६३ जोडण्या होतात: दोनाचा सहावा घात वजा एक. म्हणून तिथे प्रत्येक गटाचे दोन आकडे छापतात. ‘फक्त एशियन इंडियन’ २०२० मध्ये सुमारे ४४ लाख होते. आई मराठी, वडील गोरे, अशा घरांतली मुलं धरली की सुमारे ४८ लाख. दुसरी बेरीज शंभर टक्क्यांवर जाते, आणि जाऊ दे की. कोणाचं काही बिघडलेलं नाही.

पण सावधगिरीही तिथूनच शिकायची. अमेरिकेत बहुवंशीय लोक २०१० मध्ये २.९ टक्के होते, २०२० मध्ये एकदम १०.२ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली नव्हती. २०२० मध्ये मूळ देश किंवा वंश लिहायला जास्त जागा दिली आणि लिहिलेल्या उत्तरांना पूर्वीपेक्षा जास्त संकेतांक दिले. ज्याने एकाच चौकटीवर खूण करून खाली दुसरं मूळ लिहिलं होतं, तोही संगणकाने ‘मिश्र’ ठरवला. वाढीचा मोठा भाग या संकेतांकांच्या नियमातून आला होता.

आपल्याकडे ही वेळ आता आली आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातगणना मान्य केली आणि तिचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरला. महाराष्ट्रात सर्वांत मोठा पेच मराठा-कुणबी. जुन्या मोडी दप्तरांतून लाखो कुणबी नोंदी निघाल्या आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. एकाच घरात थोरल्याकडे कुणबी दाखला आणि धाकट्याकडे काहीच नाही, अशी स्थिती आहे. राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत ‘कुणबी’ आहे, ‘मराठा-कुणबी’ही आहे, नुसता ‘मराठा’ नाही. या दोन भावांनी काय सांगायचं? माझ्या मते दोघांनीही दोन्ही नावं सांगावीत आणि जनगणनेने ती दोन्ही घ्यावीत.

आंतरजातीय विवाहांच्या मुलांचंही तेच. शाहूंनी मराठा-धनगर विवाहांचा आग्रह धरला होता, आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, कागलच्या मराठा घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या धनगर होळकरांकडे दिली गेली. शंभर वर्षांनंतर अशा घरातल्या मुलाला सरकारी अर्ज बापाचीच जात विचारतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नाईका खटल्यात सांगून ठेवलं आहे की बापाची जात हे केवळ गृहीतक आहे, मूल कुठे आणि कसं वाढलं ते पाहावं लागेल. कायदा इथवर आला, अर्ज अजून आलेला नाही.

मागणी साधी आहे. भाषेसारखी जातीलाही दुसरी जागा द्या, आणि कुठलं नाव कुठल्या संकेतांकात जाणार, ती सूची मोजणीआधी जाहीर करा. निदान मराठी वाचकाने एवढं करावं: फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारात आला की उत्तर स्वतः द्यावं, आडनावावरून त्याला भरू देऊ नये, आणि त्याने काय टिपलं ते त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर वाचूनच त्याला निरोप द्यावा.