कोऱ्या अर्जावरची सही

कोऱ्या हुंडीवर सही करणारा व्यापारी आपल्या समाजात शोधूनही सापडणार नाही. मात्र तोच व्यापारी आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जावर एजंटाने खूण केलेल्या जागी निःशंकपणे सह्या करतो. एजंट बहुधा नात्यातला किंवा रोजच्या बैठकीतला असतो. ‘बाकीचे मी भरतो’ हे त्याचे शब्द पुरेसे ठरतात.

समजा, अशा अर्जात मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले गेले आणि दोन वर्षांनी विमेदाराचे निधन झाले. कंपनी दवाखान्याची जुनी कागदपत्रे तपासते आणि दावा नाकारू शकते. सही विमेदाराची असते. उत्तर मात्र त्याच्या पत्नीला द्यावे लागते.

या प्रसंगी १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ महत्त्वाचे ठरते. २०१५ च्या दुरुस्तीनुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणास्तव तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत आक्षेप घ्यायचा झाल्यास त्याची कारणे लेखी कळवावी लागतात. फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती दिली गेली असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. मात्र हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यास ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चूक सुधारण्याची खरी संधी आरंभीच मिळते. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती नापसंत असल्यास परत करता येते. तेवढ्या काळाच्या जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च व मुद्रांक शुल्क वजा होऊन उर्वरित रक्कम मिळते. पॉलिसीसोबत प्रस्ताव अर्जाची प्रतही येते. ती तिजोरीत ठेवण्यापूर्वी ओळीने वाचावी आणि चुकीचे उत्तर आढळल्यास कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

तरीही दावा अडला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात; वकील लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रियेची गणना होते. दुसऱ्याने लिहिलेले असत्य आपल्या सहीने आपले होते, हे श्रावकाने विसरू नये. कायदा कुटुंबाचे रक्षण करतो. परंतु त्या रक्षणाचा पाया प्रत्येक उत्तर वाचून मगच केलेल्या सहीत असतो.