शीड म्हातारे होते तेव्हा

काटेवाडीच्या माणसाने शिडाच्या जहाजावर बोलावे, हे ऐकून कुणाला हसू येईल. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाणी म्हणजे नीरा डावा कालवा, नाही तर पलीकडे पसरलेला उजनीचा जलाशय. समुद्र गाठायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. पण माझी सासुरवाडी बाणकोटच्या खाडीकाठची. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे अब्बाच म्हणायचो, तरुणपणी गलबतावर खलाशी होते आणि पुढे तांडेल झाले. कौले, मीठ, लाकूड वाहणारी ती शिडाची गलबते. त्यांच्याकडून ऐकलेले आणि नंतर कुतूहलापोटी वाचलेले, असे मिळून आज चार गोष्टी सांगणार आहे. विषय साधा आहे. जहाज जुने असते, पण चांगले असते. त्याचे शीड मात्र थकते. ते थकले हे ओळखायचे कसे आणि बदलायचे कसे?

आधी शब्दाकडे बघू. मराठीत शीड, हिंदीत पाल. उर्दूत त्याला बादबान म्हणतात. 'बाद' म्हणजे वारा आणि 'बान' म्हणजे राखणारा. बाग राखणारा तो बागवान, दार राखणारा तो दरवान आणि वारा राखणारा तो बादबान. मला हा शब्द फार आवडतो, कारण शिडाचे खरे काम त्यात आले आहे. वारा नुसता अडवायचा नसतो. त्याला नीट वळण देऊन पुढे सोडायचे असते.

आपल्याला वाटते, शीड म्हणजे वारा भरून घेणारी झोळी. मागून वारा आला, झोळी फुगली, जहाज पुढे ढकलले गेले. वारा पाठीमागून असेल तेव्हा हे बरेचसे खरे आहे. पण वारा काही आपल्या सोयीने वाहत नाही. तो बाजूने येतो, तिरका समोरून येतो. तरीही शिडाचे जहाज नागमोडी वाट काढत वाऱ्याच्या दिशेने चढत जाते. हे जमते, कारण त्या वेळी शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. त्याच्या बाकदार पाठीवरून वारा वळतो आणि वळताना जहाजाला ओढ देतो. ही ओढ बरीचशी आडवी असते. ती आडवी ओढ पाण्याखालचा कणा पेलतो आणि उरलेली ओढ जहाजाला पुढे नेते. म्हणजे सगळी मदार आली शिडाच्या आकारावर. त्याचे पोट किती खोल आणि ते नेमके कुठे, यावर. साधारणपणे मोठ्या शिडाचे पोट मधोमध किंवा मध्याच्या किंचित पुढे असावे लागते.

आता गंमत बघा. कापड जुने होते तसे ते ताणले जाते. आपल्या सुती सदऱ्याचे कोपर जसे ढगळ होते, तसेच. शिडाचे पोट खोल होत जाते आणि हळूहळू मागे सरकते. मागची कड आत वळते. मग तोच वारा जहाजाला पुढे ओढण्याऐवजी आडवे पाडू लागतो. जहाज जास्त कलते, सुकाणू जड होते, वाऱ्याकडे चढण्याची ताकद कमी होते. आणि या सगळ्यात शीड कुठेही फाटलेले नसते. दिसायला पांढरेशुभ्र, धडधाकट. अब्बा म्हणायचे, "जावई, शीड फाटलं की आंधळ्यालाही कळतं. म्हातारं झालं की डोळसालाही कळत नाही."

यात धोका कुठे आहे, हेही त्यांनीच समजावले होते. किनारा वाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे, वारा वाढतो आहे आणि जहाजाला त्या किनाऱ्यापासून दूर व्हायचे आहे, अशी वेळ प्रत्येक तांडेलावर कधी ना कधी येते. दूर व्हायचे म्हणजे वाऱ्याकडेच चढायचे. नेमके तेच काम म्हातारे शीड करू शकत नाही. शीड शाबूत असते, दोर शाबूत असतात आणि जहाज मात्र हळूहळू खडकाकडे सरकत राहते. म्हणून शीड बदलणे हा हौसेचा खर्च नव्हे, हा जिवाचा हिशेब आहे.

शीड थकते कशाने? पहिला शत्रू ऊन. आज बहुतेक शिडे पॉलिएस्टरच्या कापडाची असतात. डॅक्रॉन हे त्याचे एक प्रसिद्ध व्यापारी नाव. ते सुतासारखे कुजत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी आतून ठिसूळ होते. त्यातही कापडाच्या आधी शिवण जाते, कारण दोरा पृष्ठभागावर उघडा पडलेला असतो. दुसरा शत्रू फडफड. शीड वाऱ्यात नुसते फडफडत ठेवले, तर जोरकस वाऱ्यात थोड्या वेळात त्याचे बरेच आयुष्य जाते. तिसरा शत्रू घासणे. तारेला, काठीला, दोराला रोज तीच जागा घासत राहते. चौथा ओल. पॉलिएस्टर कुजत नसले तरी त्याला बुरशीचे डाग पडतात.

जुन्या सुती शिडांचा तर ओल हा मोठाच वैरी होता. म्हणून पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढली, की शिडे उतरवून कोरडी करायची, उसवलेले शिवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जायचे, असा रिवाज होता. तिकडे इंग्लंडचे मच्छीमार आपली सुती शिडे कुजू नयेत म्हणून ती काताच्या पाण्यात भिजवत. हा कात म्हणजे तुमच्या-आमच्या पानात पडतो तोच, खैराच्या लाकडाचा अर्क. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून तो तिकडे जायचा. त्या शिडांचा विटकरी तांबूस रंग आपल्याकडच्या खैराची देणगी होती.

मग शीड तपासायचे कसे? सोप्या चार कसोट्या आहेत. कोरड्या दिवशी शीड पसरून शिवणीवरून नख ओढावे. दोरा तटातटा तुटला तर निदान शिवण नवी करायलाच हवी. एखाद्या कोपऱ्यात कापड दोन्ही हातांनी ताणावे. जुन्या कागदासारखे ते फाटू लागले, तर त्या शिडावर नवी शिवण घालण्यातही अर्थ नाही. शीड उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहाव्यात. आणि शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. मध्यम वाऱ्यात शीड उभारून त्याच्या तळाशी उताणे पडावे आणि वर बघावे. पोट कुठे आहे? दोर ताणून ते पुढे येते का? येत नसेल तर शीड संपले, मग त्याला एकही भोक नसो.

इथे ठिगळाचा प्रश्न येतो. आपण ठिगळाला मान देणारी माणसे. गोधडीत ठिगळ शोभते, कारण तिथे थरावर थर असतात आणि ओढ सगळ्यांत वाटली जाते. शिडात तसे नसते. विरलेल्या कापडावर नवे ठिगळ लावले, की ती जागा ताठ होते आणि ताण ठिगळाच्या कडेला जमतो. पुढच्या वेळी शीड तिथेच फाटते. चांगल्या कापडावरचे ठिगळ वर्षानुवर्षे टिकते. म्हाताऱ्या कापडावरचे ठिगळ फक्त फाटण्याची जागा बदलते.

नवे शीड करायचे ठरले, की बरेच जण जुने शीड कारागिराकडे नेतात आणि म्हणतात, याच मापाचे शिवा. इथे फसगत होते. जुने शीड ताणून वाढलेले असते. माप डोलकाठीचे, आडव्या काठीचे आणि तारांचे घ्यायला हवे. चांगला शिंपी अंगाचे माप घेतो, ढगळ झालेल्या सदऱ्याचे घेत नाही. आणि शीड म्हणजे सपाट चादर नव्हे. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित बाकदार कापून जोडतात, तेव्हा त्याला पोट येते. ब्लाऊजला टक्स घालतात ना, त्याच जातीची ही विद्या.

कापड निवडतानाही जहाजाचे वय पाहावे लागते. शर्यतीच्या बोटींसाठी आज फारच कमी ताणणारी, थर चिकटवून केलेली कापडे मिळतात. पण जे कापड ताणत नाही, ते वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट डोलकाठीला आणि तारांना देते. चाळीस वर्षांच्या बोटीला ते सोसेलच असे नाही. तिला चांगले विणलेले साधे पॉलिएस्टरच बरे. म्हणून शहाणा मालक शिडाची मागणी देण्याआधी तारा आणि त्यांची बंधने तपासून घेतो.

जुनी बोट आणि नवे शीड यांचा विचार करताना मला 'सुहेली' आठवते. ही 32 फुटी सागवानी बोट 1960 च्या दशकात मुंबईत बांधली गेली. अरबी खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहेली म्हणत, आणि सुहैल हे आपल्या अगस्ती ताऱ्याचे अरबी नाव. आपल्या पुराणात अगस्ती समुद्र पिऊन गेला. या बोटीने समुद्र पालथा घातला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी तिच्यातून इंग्लंडहून एकटा निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी परतला. 312 दिवस, कुठेही न थांबता. एकट्याने न थांबता केलेली ती जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा हा एकटाच. वाटेत शिडे फाटत होती आणि तो शिवत होता. एकदा शिवता शिवता मिशीच शिडात शिवली गेली आणि मान झटकून सोडवावी लागली. भर समुद्रात दुसरा इलाज नसतो, तिथे सुई-दोराच खरा. पण बंदरात बसून सुई-दोऱ्यावर विसंबणे वेगळे. ती बोट आज साठी ओलांडून गेली आहे. लाकूड टिकले, कारण तिच्यात बदलण्याजोगे ते वेळोवेळी बदलले गेले.

आपल्या नौदलाच्या 'तारिणी'चेही तसेच. गोव्यात बांधलेली ही शिडाची बोट 2017 मध्ये नौदलात आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे ऑक्टोबर 2024 ते मे 2025 या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच बोटीतून पुन्हा जगाला फेरी घातली. तिच्याकडे सहा शिडांचा संच असतो. मोठे शीड, पुढची शिडे, मागून वारा असताना लावायची शिडे आणि एक वादळी शीड. वादळी शीड सर्वांत लहान असते आणि क्वचितच उघडले जाते. पण ते उघडायची वेळ येते तेव्हा दुसरे काही कामाला येत नाही. म्हणून पिशवीत पडून असलेले शीडही दरवर्षी बाहेर काढून बघायचे असते.

आमच्या अब्बांच्या गलबताची कथा वेगळी. कोकणात यंत्रे येऊ लागली, तेव्हा मालकापुढे प्रश्न आला. शिडे थकली होती. नवी घ्यावीत की इंजिन बसवावे? मालकाने इंजिन घेतले, आणि शेजारच्या बंदरांतही असेच होत गेले. त्यात कुणाची चूक नव्हती. इंजिनाने वाऱ्याची वाट बघणे संपवले आणि पुष्कळांचे जीवही वाचवले. जुन्या शिडांची अंगणात सावली झाली, सुकत घातलेल्या मासळीवर ती पांघरली गेली. पण शिडे मागणारे कुणी उरले नाही, तशी ती शिवणारी बोटेही उरली नाहीत. अब्बांना शेवटपर्यंत हळहळ वाटायची ती शिडाची नव्हे. "कापड जायचंच होतं," ते म्हणायचे, "पण ते कापायचं कसं, हे कुणी शिकून घेतलं नाही."

मुंबईला गेलात आणि पावसाळ्यानंतरच्या दिवसांत गेटवेसमोर पांढरी शिडे दिसली, तर जरा थांबून बघा. त्यांची पोटे कुठे आहेत ते बघा. कोणती बोट अंग सावरून वाऱ्याकडे चढते आहे आणि कोणती उगाच कलते आहे, हे ओळखता येते का पाहा. कलणाऱ्या बोटीचे लाकूड बहुधा ठणठणीत असेल. तिच्या बादबानाची पाळी संपली आहे आणि त्याला सुट्टी द्यायचे कुणाच्या लक्षात आलेले नाही, इतकेच.