बंदुकीविना बंदोबस्त : गावचा पोलीस पाटील

मुलकी पाटलांची वंशपरंपरागत वतने महाराष्ट्राने १९६२च्या कायद्याने मोडीत काढली. जन्माने मिळालेल्या हक्कापुढे मान तुकवण्याची सक्ती संपली, हे फार मोठे काम झाले. पण गावात शांतता राखायला जबाबदार माणूस लागतोच. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील नेमला जातो. त्याला पगार नाही, मानधन मिळते.

विहिरीत अनोळखी प्रेत दिसले की पहिला निरोप त्याच्याकडे. ठाण्याला कळवायचे, पोलीस येईपर्यंत गर्दी हटवायची, पंचनाम्याला पंच उभे करायचे. बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या तर मध्येही त्यानेच पडायचे. तो गावातलाच, म्हणून त्याचे ऐकतात. आणि भाऊबंदकी पेटली की त्याच कारणाने त्याच्यावर संशयही घेतात.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातच तंटे मिटवण्याला सरकारी बळ दिले. बांधाचे, वाटणीचे वाद तिथे जरूर मिटावेत. बाईवरच्या किंवा दलितावरच्या अत्याचारात मात्र तडजोड नको, फिर्याद ठाण्यातच नोंदवली गेली पाहिजे. अनेक गावांत आता पोलीस पाटलाच्या पदावर महिलाही आहेत.