नाणे न मागणारा खेळ

जपानच्या ताइतो कंपनीने १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणला, तेव्हा तो खेळायला घराबाहेर पडावे लागे. यंत्रात नाणे टाकायचे, तोफ डावी-उजवीकडे सरकवायची आणि वरून रांगेने उतरणारे ५५ परग्रहवासी टिपायचे. तोफा संपल्या की खेळ खलास. पुन्हा खेळायचे तर खिशात हात घालावा लागे. तेवढीच हाताला विश्रांती. १९८० मध्ये अटारीने हाच खेळ घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आणला. त्या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइट. परग्रहवासी ३६ उरले, चित्रे ओबडधोबड झाली आणि नाणे तर गेलेच. आता खेळ थांबवणारे कोणी नव्हते, आई सोडून.

डॉक्टरांनी या खेळाची दखल लवकर घेतली. १९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मनगटाच्या दुखण्याबद्दल पत्र छापून आले. दुखण्याला नाव खेळाचेच दिले होते.

२०२३ मध्ये जुनी कार्ट्रिज चालणारे अटारीचे यंत्र पुन्हा विक्रीला आले. १९८० मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. खेळ होता तसाच आहे. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र तशा राहिलेल्या नाहीत.

अटारीच्या जॉयस्टिकचे लाल बटण डाव्या कोपऱ्यात असते. डावा अंगठा ते दाबत राहतो, तोच हात ठोकळाही घट्ट धरतो, आणि उजवा हात दांडी हलवतो. गंमत अशी, की एक गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी सुटतच नाही. म्हणजे घाईघाईने बटण बडवण्यातला बराचसा कष्ट वाया जातो. तरी शत्रू कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो आणि पकड आपोआप आवळत जाते. मूठ अशी आवळून धरली की रक्तदाबही तेवढ्यापुरता चढतो.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूने दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून जातात. ते आवरण जाड झाले की दुखणे सुरू होते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर तिथे जोराची कळ आली, तर बहुधा दुखणे हेच. सुरुवातीला विश्रांती आणि अंगठ्याला आधार देणारी पट्टी बहुतेकांना पुरते. न पुरल्यास डॉक्टर तिथे इंजेक्शन देतात. दुखऱ्या हाताने चोळून, मोडून ‘मोकळे’ करण्याचा घरगुती उत्साह टाळावा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी उठावे, ठोकळा हातात न धरता टेबलावर ठेवावा. बोटे रात्री बधिर होत असतील, किंवा सकाळी एखादे बोट वाकून अडकत असेल, तर दोष एकट्या खेळाला देऊ नये. मधुमेहात दोन्ही त्रास जास्त आढळतात. अशा खेळाडूने रक्तातली साखरही तपासून घ्यावी.