रिकाम्या खोक्यापासून शाळेच्या बाकापर्यंत

माझ्या हातात ज्यूसचं एक लिटरचं रिकामं खोकं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात अशी कितीतरी खोकी आपल्या घरात येतात. रिकामं झालं की कचरागाडीत, आणि तिथून भांडेवाडीला. कबाडी त्याला भाव देत नाही, म्हणून कचरा वेचणाऱ्या बाया बाटली उचलतात आणि खोकं तिथेच सोडतात.

असं का होतं? दिसायला हा पुठ्ठा आहे, पण नुसता पुठ्ठा नाही. वजनात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम. कागदाने मजबुती येते, पॉलिथिन ओल अडवतं, अ‍ॅल्युमिनियम उजेड आणि हवा अडवतं. म्हणूनच बंद खोक्यातलं दूध फ्रिजबाहेर काही महिने टिकतं. पण हेच थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, तीच नंतर अडचण होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मोठ्या टाकीत पाणी घालून खोकी घुसळायची. अर्ध्या तासात कागदाचा लगदा सुटतो, त्यापासून पुन्हा कागद किंवा पुठ्ठा होतो. उरलेल्या प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमपासून छपराचे पत्रे होतात. दुसरा उपाय, अख्ख्या खोक्याचे बारीक तुकडे करून गरम प्रेसमध्ये दाबायचे. गंमत बघा, आतलं पॉलिथिन वितळून स्वतःच गोंदाचं काम करतं! थंड झालं की प्लायवूडसारखी पाटी तयार.

हे आपल्याच राज्यात होतं. मुंबईत २०१० पासून काही किराणा दुकानांत रिकामी खोकी गोळा करायला सुरुवात झाली. पालघर जिल्ह्यात त्यांच्या पाट्या बनतात आणि त्यांचे शाळेचे बाक झालेत.

आता तुम्ही म्हणाल, मग नागपूरचं का जात नाही? एका खोक्याचं वजन साधारण ३० ग्रॅम. ३० किलोचा बाक धरला तर हजार खोकी लागतील. ती न दाबता ट्रकमध्ये भरली तर आपण मुंबईकडे ७०० किलोमीटर हवाच वाहून नेतो. भाडं परवडत नाही, म्हणून भाव नाही. भाव नाही, म्हणून कुणी उचलत नाही.

हे चक्र आपल्या स्वयंपाकघरात तुटू शकतं. खोकं घोटभर पाण्याने विसळा, कोपरे उघडून चपटं करा, वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवा. ओल्या कचऱ्यात मिसळलं की ते कुजकं होतं, मग कुणाच्याच कामाचं नाही. आणि जाळू तर नकाच.

रोपांची कुंडी, पाकीट, विणलेली टोपली घरी जरूर करा, पण त्यात दहा-वीस खोकीच खपतात. खरं काम वस्तीने मिळून करायचं आहे. एका सोसायटीने, एका शाळेने महिनाभर साठवलं आणि गठ्ठे बांधले, तर कबाड्याशी भावाचं बोलता येईल. त्या दिवशी वेचणारी बाई हे खोकं सोडून पुढे जाणार नाही.