‘अलोन’, ‘लोन’ आणि एकांडा शिलेदार
भारतातील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९५८ मध्ये हैदराबादेत केंद्रीय संस्था स्थापन झाली. तेच आजचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ. शब्दार्थ पाठ असूनही शब्दांची सोयरीक चुकते, ही अशा अध्यापनातील जुनी अडचण. मराठीत ‘एकटा माणूस’ आणि ‘माणूस एकटा आहे’, दोन्ही चालते. इंग्रजीत ‘अलोन’ नामाआधी बसत नाही; तेथे ‘लोन’ लागतो (कर्जाचे नव्हे). ‘लोनली’ मनाच्या एकाकीपणाचा. एकहाती कामगिरीचा गौरव ‘सिंगल-हँडेड’ने होतो. ‘लोन वुल्फ’ आपल्या एकांड्या शिलेदाराच्या जवळचा वाटतो खरा. परंतु शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन लढाईला येई, तर हल्लीच्या बातम्यांतील ‘लोन वुल्फ’ हा बहुधा एकट्याने हल्ला करणारा दहशतवादी असतो. शिफारसपत्रात ही जोडी उमेदवाराला महागात पडू शकते.